करडा, लाल, नारिंगी

४ जानेवारी

ती. मामांस, सा. न.

तुम्ही दुरुस्त करून पाठवलेला जुना अँप्लिफायर सुखरूप पोचला. खोक्यात इतक्या चिंध्या होत्या की मला वाटलं, मामीने चुकून गोधडीच पाठवली. पण मामा, गिटार लावली तर आवाज घसा बसल्यासारखा. बारीक, आणि जरा जोरात वाजवलं की फाटतो. माझ्या क्लासच्या मुली तोंड दाबून हसत होत्या. काय करू ते लवकर कळवा. मामीला नमस्कार.

तुमची,
ठमी

९ जानेवारी

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

माझ्या हातून गेलेला सेट रडतो म्हणजे काय! काचेच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हच्या आधी जो छोटा आहे, तो फेज इन्व्हर्टर. तो एका आवाजाचे दोन सारखे, पण उलटे भाग करतो. लांब करवतीला दोन माणसं असतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, तसं. एकाने अंग चोरलं की करवत नुसती करकरते.

आधी तो व्हॉल्व्ह बदलून बघ. फरक पडला नाही तर त्याच्या दोन्ही प्लेटांवरचे, म्हणजे ते दोन भाग जिथून बाहेर पडतात तिथले, व्होल्ट मोज; ते जवळपास सारखे हवेत. मोजताना डावा हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही. लहानपणी तुझ्या फ्रॉकला मामीने खिसा शिवला तो त्यासाठीच. आणि सेट बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती उतरवल्याशिवाय आत बोट घालशील तर खबरदार.

मामी म्हणते, मी हल्ली दिवा नाकापाशी घेऊन काम करतो. मी म्हटलं, दिवेच मंद निघतात.

तुझा,
मामा

१५ जानेवारी

ती. मामांस, सा. न.

व्हॉल्व्ह बदलला, फरक शून्य. मग मोजलं. एका प्लेटवर दोनशे वीस व्होल्ट, दुसरीवर तीनशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळा पुरवठाच. वीज उतरवून आत पाहिलं. त्या बाजूचा वीज अडवणारा रेझिस्टर नवा होता, कथलाचा डाग अगदी तुमच्या हातचा, सुबक. पण त्यावरचे पट्टे करडा, लाल, नारिंगी हवेत. तिथे होते करडा, लाल, लाल. म्हणजे अडथळा दहापट कमी. तो बदलला आणि सेट गायला लागला.

हे पत्र मी दोनदा फाडलं. एकदा लिहिलं होतं की दोष व्हॉल्व्हचाच निघाला. पण मीटर दाखवेल तेच लिहायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मामा, डोळे दाखवून या. तुम्ही तीनशे व्होल्टवर नाक टेकवून बसता, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. रागवा हवं तर, पण पत्र पाठवा.

तुमची,
ठमी

२ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

दहा दिवस रागावलो होतो. खरं सांगू, घाबरलो होतो. शेवटी रेझिस्टरचा डबा मामीपुढे ठेवला. तिने नारिंगीच्या कप्प्यातून एकोणीस लाल वेचून काढले. सगळे मीच ठेवलेले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याचं ऑपरेशन सोमवारी. वर्षभरातल्या अकरा गिऱ्हाइकांकडे स्वतः जाऊन चुकीची शक्यता सांगितली. वाटलं होतं, दुकानाची अब्रू जाईल. दहा जणांनी सेट मुकाट आणून ठेवले. अकरावा म्हणाला, त्याला तो फाटका आवाजच आवडतो, हात लावायचा नाही!

महिनाभर मला काम बंद. येतेस का? बाकावर तू बस, मी मागे स्टुलावर. विचारलंस तरच बोलेन.

तुझा,
मामा

७ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न.

क्लासला सुट्टी दिली, शुक्रवारी दुपारी पोचते. तुम्ही गप्प बसाल यावर मामीचाही विश्वास बसणार नाही, तेव्हा खुशाल बोला. मला ते हवंच आहे. दहाही सेट मी उघडीन. पण पहिला झाला की बटण तुम्ही दाबायचं, आणि व्हॉल्व्ह उजळताना माझ्याआधी तुम्ही बघायचे.

लोभ आहेच, तो असाच भांडखोर राहू द्या.

तुमची,
ठमी