सात लिव्हरचं कुलूप

५ ऑगस्ट

चि. मोठ्यास,
अ. उ. आ.

तू दारू सोडल्याला आज तीस दिवस झाले. तुझं पत्र वाचून आई दोनदा रडली. तिसऱ्यांदा मी वाचू दिलं नाही. विद्यापीठातली दारू सोडलेली पोरं दर मंगळवारी गोल बसून एकमेकांना सांभाळतात, हे ठीक. पण नुसत्या बोलण्यानं पितळ कापलं जात नाही. म्हणून खोलीच्या दारासाठी कुलूप पाठवतोय. पाच लिव्हरचं, म्हणजे आत पाच खटके, माझ्या हातचं, आणि हा हात कुणाकडे शिकायला गेलेला नाही. त्या गटातल्या, तुला सांभाळणाऱ्या ताईला किल्ली दे. तिनं तीन वर्षं थेंब घेतला नाही म्हणतोस, म्हणजे खमकी असणार. शनिवारी तुझा जीव खालीवर होतो, तेव्हा तिनं बाहेरून बंद करावं. स्क्रू चारही बसव. तीनवर भागवशील, ओळखून आहे तुला.

आशीर्वाद, लोभ आणि स्क्रू पोचल्याचं कळव.
बाबा

१७ ऑगस्ट

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

चारही बसवले. ताईनं मात्र किल्ली घेतली नाही. तिचं म्हणणं, ती फोन उचलते, पहारा करत नाही. तुमच्या कामाचा अपमान झाला म्हणून मी चिडलो आणि किल्ली खोलीतल्या मित्राला दिली. शनिवारी दुपारी तो मला कोंडून सामना बघायला गेला.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला खोली आवळायला लागली. पलंगापासून खिडकी सहा पावलं, खिडकीला गज. तहान राहिली बाजूला, त्या दाराचाच संताप यायला लागला. तेवढ्यात ध्यानात आलं, आतूनही किल्लीचं भोक आहे. लहानपण तुमच्या दुकानात गेलंय. छत्रीची तार वाकवली. अकरा मिनिटं लागली. थेट बारच्या पायरीवर पोचलो आणि तिथून ताईला फोन केला. ती ओल्या केसांनी, उलटा सदरा घालून आली, मला गाढव म्हणाली आणि शेजारी बसून राहिली. बेचाळीस दिवस शाबूत आहेत.

पण बाबा, कोंडायच्या कुलपाला आतून भोक कशाला ठेवलंत?

आईला नमस्कार. रागावलात तर पत्रातून रागवा, गप्प बसू नका.
तुमचा मोठा

२४ ऑगस्ट

चि. मोठ्यास,
अ. आ.

चूक माझी. दाराच्या कुलपाला आतून भोक पाडल्याशिवाय माझा हात थांबत नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना दारूपायी तुझ्या आजोबांनी मला मागच्या खोलीत कोंडलं होतं. चौथ्या दिवशी मी तारेनं कुलूप उघडलं. आपलं आपण शिकलो म्हणून छाती फुगवतो ना, ते हे शिक्षण. बाहेर पडलो तो सरळ प्यायला गेलो.

तू पायरीवर थांबलास. माझा दुकानातला खालचा खण अजून बाटल्यांनी भरलेला आहे. आईला वाटतं, आत कोऱ्या किल्ल्या आहेत. त्याला सात लिव्हरचं कुलूप आहे. त्याची एकुलती एक किल्ली ताईसाठी या पाकिटात घालणार होतो. घालण्याआधी तपासलं: किल्लीशिवाय उघडायला मला साडेतीन मिनिटं लागली.

म्हणून किल्ली पाठवत नाही. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाचा फोन ताई उचलेल का, ते विचार. नंबर मोठ्या अक्षरांत लिही. कालपासून घेतली नाही.

लोभ असू दे. पहारा नको.
बाबा