आजोबा, बँकेनं तुमची माफी मागितली!

प्रिय आजोबा,

तुमच्यासाठी एक निरोप आहे. तो मिळाल्यापासून कधी एकदा घरी येतो आणि तुम्हाला लिहितो असं झालं होतं. जिंकलो! आपण दोघंही जिंकलो!

सगळी भानगड तुमच्या हट्टामुळे झाली, हे आधी कबूल करा. आजी सांगत होती, जिवंत माणसाचं नाव नातवाला ठेवू नये. ऐकलंत? "आपल्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव!" झालं. तुम्ही वामन केशव, बाबा केशव वामन, मी पुन्हा वामन केशव. सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं म्हणून बिचाऱ्या आईला मला झोडपतानासुद्धा 'बंडू'च म्हणावं लागायचं!

आता जानकीपुरममध्ये फ्लॅट ठरवला, होमलोनचा अर्ज केला, तर बँक म्हणते, तुम्ही स्कूटरचं जुनं कर्ज बुडवलंय. मी? नाव तेच, महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या घराचा पत्ताही तोच. बँकेतल्या मॅडमना म्हटलं, "मैडम, तब मैं सातवीं में था!" त्या हसल्याच. "अच्छा, दादाजी का है! आपके रिकॉर्ड से हट जाएगा. उनके नाम पर रहने दीजिए, उन्हें अब कौन-सा लोन लेना है?"

काय संताप आला म्हणून सांगू! बिल्डर रोज फोन करत होता. बाबासुद्धा म्हणाले, "सोड रे बंडू, फ्लॅट हातचा जाईल." पण दूधवाल्या भैयाचे सुट्टे द्यायचे राहिले तर ज्याला घास उतरायचा नाही, तो माणूस कर्जबुडवा? आणि माझी सुटका व्हावी म्हणून ते मी सही करून मान्य करू? अजिबात नाही!

मग तो अमीनाबादचा दिवस आठवला. निवृत्तीच्या आधी तुम्ही सगळं कर्ज एकदम फेडलंत, आरटीओत जाऊन स्कूटरच्या आरसी बुकावरचं बँकेचं नाव काढून घेतलंत आणि तिथून मला थेट कुल्फी खायला नेलंत. "बंड्या, आजपासून ही खरी आपली!" कालपर्यंत ती कोणाची होती, हे मला काही कळलं नव्हतं. मी दुसरी कुल्फी मागितली.

आणि बँकेनं कर्ज फिटल्याचं लिहून दिल्याशिवाय आरटीओ तिचं नाव काढतच नाही! आरसी नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांचं हसू मावळलं. तरी पुढे बरीच टोलवाटोलवी झाली, हा साहेब, तो साहेब. मीही तुमचाच नातू, चिकटून बसलो.

आज माझ्या रेकॉर्डवरून ती नोंद गेली आणि तुमच्या नावापुढे 'पूर्ण फेडले' असं लागलं. माझं लोनही मंजूर! निघताना मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादाजी से हमारी माफ़ी कह दीजिएगा."

तोच हा निरोप. आजोबा, हे ऐकायला तुम्ही हवे होतात हो! इतकी कसली घाई होती जायची?

असो. शब्द देतो. मुलगा झाला तर केशव, आणि त्याचा मुलगा वामन. मी जिवंत असलो तरी! तुमचं नाव त्याच्या हाती देईन, ते असंच लख्ख.

तुमचाच बंडू,
म्हणजे वामन केशव खांबेटे