बाबांच्या चित्रातली लाल खुर्ची

४ मार्च
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. खरं तर तुझा कान पिळायचा आहे. फोटो मिळाला. सोबत एक ओळसुद्धा लिहिली नाहीस, आणि लिहिणार तरी काय? बाबांच्या शेवटच्या चित्राला हात लावायची तुझी हिंमत झालीच कशी? डावीकडे झोपलेलं गाव, छपरांवरून पोहणारे काळे मासे, आणि उजवी बाजू कोरी. त्यांची सगळी चित्रं अशीच. त्या कोऱ्या जागेवर, पूर्वेच्या संयमावर, मी अख्खं पुस्तक लिहिलं. तू तिथे आईच्या माहेरच्या, पाश्चात्त्य पद्धतीने जाडजूड रंग थापलेस! लाल खुर्ची काय, तिच्यात बसून माशांना दटावणारी म्हातारी काय!

गुरुवारी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना घेऊन येते. सगळं खरवडून काढू. आईला कळू देऊ नकोस, तिला त्रास होईल.

तुझ्यावर माया आहे, सध्या बाजूला ठेवली आहे.
ताई

७ मार्च
ती. ताईस, सा. न.

तुझं पाकीट आईच्याच हाती पडलं. तिने वाचलं. ती उजवी बाजू तिने रंगवलीय, तीन आठवडे उभं राहून. मी फक्त रंग पिळून दिले. फोटोसोबत काही लिहू नकोस, ताई माझा हात ओळखते का बघू, असं आईच म्हणाली होती.

ती लग्न करून पश्चिमेकडून आली, तेव्हा दोघं एकाच कॅनव्हासवर चित्रं काढायची. डावीकडे बाबा, उजवीकडे ती. तुझ्या जन्मानंतर तिचा ब्रश सुटला. बाबा मात्र तिची बाजू सोडत राहिले. लोक त्याला संयम म्हणाले, बाबा गप्प बसले. तुझं पुस्तक आलं, तेव्हाही. आई त्यांच्यावर चिडलेली आहेच, तुझ्यावर जास्त. मला म्हणाली, "ती जागा रिकामी नव्हती. माझी होती."

खरवडायचं तर तिच्यासमोर खरवड.

रागात का होईना, आठवण ठेव.
धाकटा

९ मार्च
ती. आईस, शि. सा. न.

माझी नुसती चडफड चालली आहे. पुस्तकाला बारा वर्षं झाली, तू शब्दाने बोलली नाहीस. मीही कधी विचारलं नाही, ते जास्त झोंबतंय.

त्या बाईंना नको म्हणून कळवलं. बाबांची उरलेली अकरा चित्रं माझ्याकडे आहेत, ती घेऊन गुरुवारी येते. माझ्यावरचा राग त्यांच्या कोऱ्या बाजूंवर काढ. उजवी बाजू पुरली नाही, तर बाबांच्या बाजूलाही हात घाल.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.
तुझी थोरली