अण्णांचं भाकरीचं यंत्र

सोलापूर, रविवार, १९७४

आज आई-अण्णांना सिनेमाला नेलं. विनोदी आहे, घरच्यांना दाखवण्यासारखा आहे, एवढंच ऐकलं होतं. नायक असा चक्रम संशोधक निघेल हे मला कुठं माहीत होतं? त्याच्या यंत्रातून भाकरी उडाली ती थेट सासूच्या तोंडावर. सगळं थिएटर हसलं. अण्णांचा हात शेंगांच्या पुडीतच थांबला.

अण्णांनीही सायकलच्या चाकापासून भाकरी थापायचं यंत्र केलं होतं. गल्ली हसली म्हणून माळ्यावर टाकून दिलं. आणि आज मीच त्यांना हे दाखवायला आणलं! मला पडद्याकडं बघवेना. त्या हाताकडंच बघत राहिलो.

तेवढ्यात आई मोठ्यानं म्हणाली, "ह्याच्यापेक्षा आमच्या ह्यांचं यंत्र बरं की! भाकरी तव्यावर तरी पडायची."

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

"दोनच पडल्या होत्या. खोटं कशाला बोलतीस?" म्हणून अण्णा हसले आणि त्यांनी शेंगांची पुडी आईपुढं धरली.

घरी आल्यावर त्यांनी कपडेसुद्धा न बदलता माळ्याला शिडी लावली. आई खालून ओरडली, "चाक घासून द्या, गंजाची भाकरी खाणार न्हाई मी."

आता ती पीठ मळायला बसली आहे.