नाव न सांगणारा हात

४ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची बिश्केकजवळच्या तोकमोकला! अंधांच्या वसाहतीत काठीने चालायला शिकवायची नोकरी, जेवणघराच्या वरच राहायला खोली, खिडकीतून बर्फाचे डोंगर. आई म्हणत होती, तुला कोण ठेवून घेणार. आता बघ म्हणावं. संध्याकाळी सगळे जेवणघरात चहाला जमले. इथे दारातून येणारा प्रत्येक जण आधी नाव सांगतो. मी गुपचूप जाऊन तळलेला बोरसोक उचलला, तर ब्रश बांधणारे म्हातारे तोलोमुश बाइके, म्हणजे सगळ्यांचे दादा, ओरडले, "कोण गं ती मुकी? आधी नाव टाक, मग तोंडात टाक!" सगळे खो खो हसले. "मी बुरुल!" असं ठणकावून सांगितलं तेव्हा कुठे चहा मिळाला.

५ ऑक्टोबर
नव्या डोळस शिक्षिकेने आठवडाभर दिवसा आंधळं होऊन राहायचं, हा इथला नियम. मुख्य शिक्षिका सालतानात एजेंनी, म्हणजे सगळ्यांच्या ताईंनी, माझ्या दोन्ही डोळ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, वर काळा चष्मा. संध्याकाळी काढायच्या, तेव्हाच ही रोजनिशी. एजेंनी बजावलं, आपण वाटाड्याचं कोपर धरायचं, आपला हात कुणाला धरू द्यायचा नाही. आणि नाव न सांगणाऱ्याबरोबर तर पाऊलही टाकायचं नाही. इतकी शिस्त! मला हसूच आलं.

६ ऑक्टोबर
अंगणात वाट चुकले. रडकुंडीला आले तेवढ्यात कुणीतरी मनगट धरलं आणि थेट जेवणघराच्या दारात आणून सोडलं. थंडगार, मऊ हात. नाव नाही सांगितलं. एजे परीक्षा घेताहेत असं वाटून मी मुकाट गेले, वर दारात माझं नाव सांगून आभारही मानले. एजे तर म्हणतात, त्या दिवसभर बाजारात होत्या. पट्टी काढल्यावर डावा डोळा धूसर. गोंद लागला असेल.

७ ऑक्टोबर
पुन्हा तोच हात. "कोण?" विचारलं तर मनगट आणखी घट्ट. तोलोमुश बाइकेंना सांगितलं आणि त्यांची थट्टाच थांबली. म्हणाले, "तू त्याला नाव नाही ना सांगितलंस, पोरी? त्याला स्वतःचं नाही. दुसऱ्याचं शोधत असतो." मी तर काल दारातच सांगून बसले होते. ते उठून दाराला कडी लावून आले.
डोळा धूसरच. मला भीती वाटते आहे.

८ ऑक्टोबर
पट्ट्या बंद. एजे लगेच हो म्हणाल्या. भर दुपारी उघड्या डोळ्यांनी अंगणात गेले — मनगटाला तोच हात. शेजारी कुणीही नव्हतं. डावा डोळा गेला. उजवाही — उद्याच बिश्केकच्या डॉक्टरांकडे —

९
ओळ सरळ येते का, कळत नाही. पट्ट्या टेबलावर आहेत. दोन्ही. चाचपून पाहिल्या. चष्माही तिथेच. तरी अंधार —
खाली चहाची भांडी वाजताहेत. सकाळ झाली तर. ओरडते आहे, कुणी —
जेवणघराच्या दारात कुणी आलं. नाव सांगितलं. माझं. आवाजही माझा —
बाइके हसताहेत. एजे विचारताहेत, डोळा कसा आहे. ती म्हणते, दोन्ही स्वच्छ —
खाली जाते. ओरडून सांगते, मीच — मी —
आठवत नाही. पहिल्या पानावर लिहिलंय मी. माझं नाव. इथेच, बोटांखाली, पण मला वाच—