पाच मीटर आठ

४ फेब्रुवारी

प्रिय नाकतोडे,

सप्रेम नमस्कार. अक्षर ओळखलंस का? तुझ्या उड्यांवरून पडलेलं हे नाव मी अजून विसरलेलो नाही. ओळखून पाकीट बाजूला टाकलं नसशील अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. फर्निचरचं काम बरं चाललंय, पोट सुटलंय, केस गेलेत, आणि बायकोच्या मते उरलीसुरली अक्कलही त्याच वाटेवर आहे. तुझा पत्ता तुझ्या मामेभावाकडून मिळाला. तुझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे आणि तू लोकांचे डोळे तपासतेस, हे ऐकून फार बरं वाटलं.

आता कामाचं. आपल्या शाळेच्या माजी खेळाडू मंडळाला यंदा तीस वर्षं होतात. मंडळाचा इतिहास छापायचा ठरलाय आणि हे लचांड माझ्या गळ्यात पडलंय, कारण ज्या सभेत ते ठरलं तिला मी उशिरा पोचलो. मंडळ निघालं त्याच वर्षअखेरीला तू शाळा सोडलीस, म्हणून थोडं सांगतो. आमच्या धाकट्या बहिणीने लांब उडीत पाच मीटर आठ सेंटिमीटर मारली, शाळेत पाच मीटर ओलांडणारी पहिली मुलगी ठरली, हे तर तुला माहीत आहे. तिला राज्यस्पर्धेला नीट पाठवावं म्हणून सात-आठ जुने खेळाडू एकत्र आले आणि तिला खिळ्यांचे बूट घेऊन दिले. तेच हे मंडळ. आज दोनशे बारा सभासद आहेत. गावात कुणी मंडळाचं नाव घेत नाही, नुसतं 'पाच-आठ' म्हणतात. आकडा पुढे चार मुलींनी मोडला, पण आमच्या बिल्ल्यावर अजून तोच आहे.

आणखी एक रीत आहे. दरवर्षीच्या मेळाव्याला उडीच्या फळीपासून पाच मीटर आठवर चुन्याची रेघ मारायची. नव्या सभासदाने फळीवरून त्या रेघेपर्यंत चालत जायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. रेघ आखायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. धाकटी आता अध्यक्ष आहे.

तुझ्याकडे मागणं एवढंच. जुन्या फाइलीत तू मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र सापडलं. त्या उडीच्या मापाबद्दल तू हरकत घेतली होतीस, ती मागे घेतल्याचं आणि माफी मागितल्याचं. समितीला वाटतं, ते तुझ्या अक्षरात जसंच्या तसं छापावं, वर मथळा 'खिलाडूवृत्ती'. पोरवयातली गोष्ट, आता हसून सोडून द्यायची. सोबतच्या परवानगीच्या कागदावर सही करून लगेच पाठव. अठरा तारखेला मजकूर छापखान्यात जायचाय.

तुला लिहितोय हे धाकटीला सांगितलेलं नाही. ती अजूनही तुझं नाव निघालं की खिडकीबाहेर बघते.

लोभ होता तेवढा शिल्लक असेल, तर वापर.

तुझा,
कॅप्टन


१० फेब्रुवारी

प्रिय,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, खुशाली नाही, दोनच वाक्यं. 'सही करणार नाही. माझी नजर तेव्हाही चांगली होती.'

मी ते कारखान्यात उभ्या उभ्या वाचलं आणि खिशात घातलं. मग एक अख्खी फळी चुकीची कापली.

समितीला सांगितलं की परवानगी मिळत नाही. आमच्यात एक वकील आहे, शाळेत असताना गोळाफेक करायचा, आता शब्द फेकतो. तो म्हणाला, पत्र शाळेला लिहिलेलं आहे, फाइल शाळेने मंडळाला दिलेली आहे, तेव्हा सही असली काय नि नसली काय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण इतिहास मी लिहितोय. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तुझ्यावर अन्याय व्हावा असं माझ्या मनात नाही, विश्वास ठेव. पण तूही विचार कर. तीस वर्षं झाली. खेळाचे सर गेले. मैदानावर चाळीस पोरं एकाच वेळी ओरडत होती. अशा गडबडीत कुणाला काय दिसलं आणि कुणाला काय वाटलं, हे आज कोण सांगणार? ज्या गोष्टीचा निकाल लागून गेला ती उकरून कुणाचं भलं होतं?

दुसरंच काहीतरी सांगतो. माझ्याकडची कामगार मंडळी मला हसतात. टेप हातात घेतला की मी आधी त्याचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघतो. नवा कोरा टेप असला तरी बघतो. ते म्हणतात, मालकांना वाटतं कंपनीने पहिला सेंटिमीटर चोरला. मीही हसतो. सवय आहे, जात नाही.

धाकटीचं तुला कुठवर कळलं होतं, कोण जाणे. राज्यस्पर्धेत तिची उडी चार ऐंशी गेली. सगळे म्हणाले, घाबरली. मग सहा वर्षं ती त्या पाच-आठच्या मागे लागली. पहाटे उठून मैदान, संध्याकाळी मैदान, सणसमारंभ नाही की लग्नकार्य नाही. एकदाही पाच मीटर झाली नाही. शेवटी एका निवड चाचणीत गुडघा गेला तो गेलाच. आज पाय ओढत चालते. पण मेळाव्याला ती रेघ आखून झाली की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघवत नाही इतकं चांगलं असतं. म्हणते, एकदा का होईना, मी उडाले होते. तिच्याकडून आता हेही काढून घ्यायचं का?

हे शेवटचं वाक्य मी का लिहिलं, कळत नाही. खोडलं तर खाडाखोड दिसेल, म्हणून राहू देतो.

तुला त्या दिवशी नक्की काय दिसलं होतं? कधी विचारलंच नाही. जमलं तर लिही. अठरा तारीख जवळ आलीये आणि मला झोप लागत नाही.

कॅप्टन


१६ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं नाही. मी ते मागायला नको होतं. तुला काय दिसलं ते तू तेव्हाच सांगितलं होतंस, सगळ्यांसमोर. सांगायचं मला आहे.

शाळेचा तो कापडी टेप होता ना, त्याचं टोक फाटून पहिले वीस सेंटिमीटर गेले होते. सरांनी पितळी कडी विसाच्या खुणेवरच शिवून घेतली होती. म्हणजे कडी वाळूतल्या खुणेवर धरायची, फळीपाशी आकडा वाचायचा, आणि त्यातून वीस कमी करायचे. सर प्रत्येक वेळी तोंडाने 'वीस वजा' म्हणायचे आणि मगच वहीत लिहायचे. तुझी सगळ्यात लांब उडी त्यांनी मोजली. चार एक्याण्णव. शेवटच्या फेरीत पाहुणे आले म्हणून त्यांना बोलावणं आलं आणि त्यांनी टेप माझ्या हातात दिला. उडी मारायची फक्त धाकटी राहिली होती. टेपवर पाच-आठ दिसलं. पाचाचा आकडा बघितला आणि मी ओरडलोच. वीस वजा करायचे राहिले.

तिची उडी चार अठ्ठ्याऐंशी होती. तू तीन सेंटिमीटरने जिंकली होतीस.

मी फावडं घेऊन वाळू सारखी केली तेव्हा तू धावत आलीस. हिची खूण माझ्या खुणेच्या अलीकडे होती, मी डोळ्यांनी बघितलंय, असं म्हणालीस. मी कॅप्टन होतो आणि उडी माझ्या बहिणीची होती. सगळ्यांच्या देखत म्हणालो की हरली की रडायचं, हे हिचं नेहमीचंच आहे. पोरं हसली. धाकटी हसली नव्हती, हे मात्र तुला माहीत असावं.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते.

संध्याकाळी सामानाच्या खोलीत टेप गुंडाळताना कडी हाताला लागली. तेव्हा मला कळलं. बाहेर धाकटीला खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या चालल्या होत्या. आमचे बाबा, जे आयुष्यात कधी मैदानाकडे फिरकले नव्हते, ते फाटकापाशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ती माझी मुलगी. मी दाराशी आलो, त्यांच्याकडे बघितलं, परत आत गेलो, टेप कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. त्या दिवसापासून मी खोटारडा आहे. भित्रा त्याआधीपासून असणार.

सोमवारी मुख्याध्यापकांनी तुला सांगितलं, माफी लिहून दे, नाहीतर संघातून नाव काढतो. तू लिहायला तयार नव्हतीस. व्हरांड्याच्या पायरीवर वही घेऊन बसलीस आणि मला बोलावलंस. तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"दादा, तू नीट मोजलंस ना? तू सांग, मी लिहिते."

मी म्हणालो, "मोजलं."

मग मी सांगत गेलो आणि तू लिहीत गेलीस. 'माझी नजर चुकली' हे शब्द माझे आहेत. त्या पत्रात अक्षर तेवढं तुझं आहे. तू त्यानंतर मैदानावर आली नाहीस, वर्ष संपल्यावर शाळाही सोडलीस, आणि मी तीस वर्षं दर मेळाव्याला नव्या टेपने, टोक तपासून, अचूक पाच मीटर आठवर रेघ मारत आलो. तिथे त्या दिवशी कुणीही पोचलं नव्हतं.

परवा धाकटीकडे गेलो. ती गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. मी सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसंच. ती रडेल, मला घालवून देईल, असं वाटलं होतं. तिने पिशवी बाजूला ठेवली. मग तिने विचारलं की टेप नीट असताना मोजलेली तिची सगळ्यात लांब उडी कोणती. मी म्हणालो, चार त्र्याण्णव, गुडघा जायच्या आधीच्या चाचणीतली. तो दिवस तुला माहीत नाही. आम्ही सगळे हळहळलो होतो, पंधरा सेंटिमीटर कमी पडली म्हणून. बाबा घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नव्हते.

ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी सगळ्यात चांगली उडाले होते. आणि मी घरी येऊन रडले."

तू हरलीस असं सगळ्यांना सांगून मी तुझा खेळ संपवला, आणि ती जिंकली असं सांगून तिचा. एका वाक्यात दोघींना बुडवलं. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं तेवढं येतं.

काल समितीची सभा झाली. तुझं पत्र मी फाइलीतून काढून घेतलंय आणि या पाकिटात घातलंय. ते तुझं आहे, जाळ, ठेव, काहीही कर. त्याच्या जागी मी हे सगळं लिहून दिलं, माझ्या नावाने, पहिल्याच पानावर. वकील म्हणाला, बिल्ला खोटा ठरेल, मंडळाची अब्रू जाईल, आणि हा माणूस आजपासून सभासद नाही. बरेच जण त्याच्या बाजूचे होते. एकाने विचारलं की मग आता रेघ कुठे मारायची. धाकटी उठली, टेबलाला धरून, आणि अध्यक्ष म्हणून त्या पानावर सही केली. जाईल तर हेच पान छापखान्यात जाईल, नाहीतर इतिहास छापायचाच नाही, म्हणाली. मला काढून टाकण्याच्या ठरावावरही तिने सही केली. ते योग्यच झालं.

बाहेर पडल्यावर तिने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. गुरुवारी सकाळच्या गाडीने ती तुझ्याकडे निघते आहे. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. तुला काय सांगणार आहे ते मला माहीत नाही. मला विचारायचा हक्क नाही.

तुझ्या मामेभावाने सांगितलं की गुरुवारी दुकान बंद असतं आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. धाकटीला जिना चढवत नाही. ती ते कबूल करणार नाही, खालून हाकही मारणार नाही, कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागेल. गाडी दुपारी बाराच्या सुमाराला पोचते. मला क्षमा करू नकोस, पत्रही लिहू नकोस. पण तेवढी बाराला खाली उतर.

ज्याच्या शब्दावर तू सही केलीस,
तो