बाबांचा एक

११ मार्च, मंगळवार
कारखाना, मोजमापाची खोली, जेवणाची सुट्टी

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस, मग मी ओरडते आणि मुद्दा राहून जातो. इथे तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागेल. बस.

आधी बातम्या. स्वयंपाकघरातला गळका नळ शेवटी मीच बदलला. वरच्या मजल्यावरचा दातवाला डॉक्टर अजूनही तितकाच बेसूर गातो. दर रविवारी चारला खाली येतो, गोल टेबलापाशी बसतो आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत चहा पितो. मी अजून पंपाचे दांडे मोजते. केसाहून बारीक फरक असला तरी दांडा परत पाठवते, म्हणून सुपरवायझर मला खडूस म्हणतो. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

बाबांचं तुला ठाऊक आहेच. उजवा डोळा गेला, आता वीस तारखेला डाव्याचं ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, दिसेल किंवा दिसणार नाही, निम्मं-निम्मं. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते तूच बघ. शनिवारी मी तुला हे सांगितलं तर तू म्हणालास, "तू आहेस ना तिथे. मी येऊन वेगळं काय करणार? धीर द्यायचा तो फोनवरून देईनच." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. ते "बरं" मी या पत्राने परत घेते.

आता आपल्या गोल टेबलावरच्या रविवारच्या खेळाबद्दल. नियम तुला शिकवायला नकोत, तीन वर्षं खेळ तूच चालवलास. तरी लिहिते, कारण तुला तुझ्याच नियमाने धरायचं आहे. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फाशांवर लढाया लढायच्या: मी तलवारवाली, बाबा पुजारी, वरचा डॉक्टर गाणारा गवई, आणि समोरचे राक्षस, ड्रॅगन सगळे तुझे. माझा वार करायची पाळी आली की मी वीस बाजूंचा फासा टाकायची, त्यात तलवारीचे नऊ मिळवायची, वर बोनस. गवयाच्या गाण्याचे दोन, पुजाऱ्याच्या आशीर्वादाचा एक. आणि दर वेळी बाबा चष्मा वर करून विचारायचे, "माझा एक धरलास ना?"

"धरला, बाबा."

ड्रॅगनच्या वेळी वार लागायला सत्तावीस हवे होते. फासा पंधरा पडला. पंधरा, नऊ आणि तीन. ड्रॅगन मेला. बाबा खुर्चीतून उठून नाचले, गुडघेदुखी विसरून. डॉक्टरने चहा सांडला. आणि तू नियमांचं पुस्तक उघडलंस. एकाच प्रकारचे बोनस एकमेकांत मिळवायचे नसतात. मोठा असेल तेवढाच धरायचा, लहान सोडून द्यायचा. गाणं आणि आशीर्वाद दोन्ही मनोबलाचेच. म्हणजे बेरीज सव्वीस. वार हुकला, ड्रॅगन जिवंत.

बाबा हसले. म्हणाले, "म्हणजे माझा एक तीन वर्षं वायाच गेला की." पेन्सिल खिशात घातली आणि आत गेले. पुन्हा त्या टेबलापाशी आले नाहीत. मी म्हटलं, चुकून झालं. तू म्हणालास, बेरीजसुद्धा धड येत नाही. महिन्याभरात तू नकाशा, फासे, ड्रॅगन सगळं खोक्यात भरून नव्या नोकरीला निघून गेलास. दोन वर्षं झाली.

दादा, मी केसाहून बारीक फरक पकडते. माझी बेरीज चुकेल असं तुला वाटलंच कसं?

नियमाचं ते पान मी खेळाच्या पहिल्याच महिन्यात वाचलं होतं. बाबांनी तेव्हा नुकतंच दुकान बंद केलं होतं. दिवसभर ते खिडकीत बसायचे आणि कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. आठवड्यातून एकदा ते विचारायचे, माझा एक धरलास ना? त्यांना काय सांगू, नियम बघा म्हणून? मी धरला. मुद्दाम धरला, तीन वर्षं, तुझ्या नाकाखाली. तुझी माफी मागत नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा धरीन.

माफी मागितली ती बाबांची. काल सकाळी त्यांच्या डोळ्यात थेंब घालताना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, विरघळतील. कसलं काय! असे भडकले की थेंबाची बाटली खाली पडली.

"म्हणजे तू मला खेळवत होतीस? दादा बरोबर होता. मला खोटा एक नको!"

मग उशीखालून वही काढली. दोन वर्षं हा माणूस खेळला नाही, पण डॉक्टरकडचं पुस्तक आणून भिंगाखाली एकेक ओळ वाचत होता. त्यांना सापडलंय. मागे उभं राहून आशीर्वाद देण्याऐवजी पुजारी लढणाऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, ड्रॅगनच्या तोंडासमोर, तर दोन मिळतात. तो मदतीचा बोनस, प्रकार वेगळा. गाण्याच्या दोनात तो खुशाल मिळवता येतो. मी पान तपासलं. बरोबर आहे.

मी म्हटलं, "बाबा, इतक्या जवळ गेलात तर पुजारी आगीत जळून जाईल."

"जळू दे. मोजला तर जाईल!"

त्यांना तो वार पुन्हा खेळायचा आहे, वीस तारखेच्या आधी, फासा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून. हुकला तर हुकला म्हणतात.

तेव्हा तुझा फोनवरचा धीर. धीर मी रोज देतेच, इथे बसून, तुझ्यापेक्षा जास्त. दोन्ही एकाच प्रकारचे. तुझा त्यात मिळवून बेरीज काडीची वाढत नाही. हा माझा रुसवा नाही, तुझं पुस्तक आहे. शेजारी येऊन उभं राहणं मात्र वेगळं धरतात. तू म्हणालास ना, मी येऊन वेगळं काय करणार? हेच.

मला तू हवा आहेस, हेही लिहून टाकते. ऑपरेशनच्या दारात एकटी उभी राहायला मी घाबरते.

रविवारी चारला. खोकं घेऊन ये. आणि बाबांची दया येऊन ड्रॅगन आधीच मारून ठेवलास तर याद राख. जिवंत आण.

मुद्दाम चुकलेली,
तुझी धाकटी